बैठक नसलेला दगड

“पण मग हा उभा कसा राहणार, ताई?”

म्हातारीने कानस थांबवली नाही.

“उभं कशाला राहायचंय त्याला? शाळेत जायचंय?”

“गंमत नको. प्रदर्शनाचा माणूस उद्या येतोय.”

“येऊ दे की. तो उभा राहील, मी बसेन, दगड पडून राहील. सगळ्यांची सोय झाली.”

विचारणारी उकपिक. पंचविशीतली, पाठीवर तान्ही मुलगी. उत्तर देणारी इगुप्ताक, सत्तरी ओलांडलेली, दगडातून सील, पक्षी आणि बायका काढणारी. दोघी इनुइट. पार उत्तरेला, जिथे झाड उगवत नाही आणि वर्षातला बराच काळ समुद्रावरून चालत जाता येतं, तिथल्या एका लहान वस्तीतल्या. माझं स्वतःचं बर्फाचं ज्ञान फ्रीजच्या वरच्या कप्प्यापुरतं आहे, तेव्हा बर्फाचं वर्णन माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. मला सांगायचंय ते या दोघींमधलं बोलणं.

आधी एक उलगडा. पंचविशीतली पोर सत्तरीच्या म्हातारीला ताई का म्हणते?

तर त्यांच्यात मेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात. मुलगा की मुलगी ते पाहत नाहीत. नाव आलं की त्याच्यामागून नातंही येतं. म्हातारीचा उकपिक नावाचा धाकटा भाऊ लहानपणीच बर्फ फुटून पाण्यात गेला होता. पुढे कितीतरी वर्षांनी शेजारच्या घरात ही मुलगी जन्मली, तेव्हा म्हातारीने जाऊन तिच्या कानात तेच नाव सांगितलं. त्या दिवसापासून ही तिचा भाऊ. म्हातारी तिला ‘अरे’ म्हणते, ही म्हातारीला ‘ताई’ म्हणते, आणि वस्तीत कोणी मान वळवूनसुद्धा बघत नाही.

उकपिक म्हणजे पांढरं घुबड. आपल्याकडे असं नाव ठेवलं तर बारशालाच भांडणं व्हायची.

म्हातारी काम करायची ती घराबाहेर. तीन बाजूंना लाकडी फळकुटं, चौथी बाजू उघडी, वर आभाळ. बसायला उलटा डबा, समोर तेलाचं रिकामं पिंप. दगडाची धूळ वाऱ्याने निघून जावी म्हणून सगळी मांडणी.

मांडीवरचा दगड शंखजिऱ्याच्या जातीचा, मऊ, गडद हिरवा. नुकत्याच जन्मलेल्या मुलाएवढा. एका बाजूने पाहिला तर सील. जरा फिरवला की सीलची पाठ म्हणजे वाकलेली बाई. आणखी फिरवला की त्या बाईचं कोपर म्हणजे पक्ष्याची चोच. वर कुठे नि खाली कुठे, काही ठरलेलं नाही. पिंपावर ठेवावा तर लवंडायचा आणि स्वतःला हव्या त्या कुशीवर जाऊन पडायचा.

“बोटभर,” उकपिक म्हणाली. “खालून बोटभर सपाट केलंस तरी पुरे. मी धरते, तू घास.”

“त्याला खाली नाही.”

“प्रत्येक गोष्टीला खाली असतं, ताई.”

“हो का...” म्हातारी म्हणाली. “शाळेत शिकवलं वाटतं.”

शाळा म्हणजे दक्षिणेतल्या शहरातलं कलेचं महाविद्यालय. उकपिक तिथे मूर्तिकला शिकून आली होती आणि चांगली शिकली होती, हे मान्य करायला हवं. तिने एक अस्वल केलं होतं, एका पायावर नाचणारं. सगळा भार एका घोट्यावर. तिथल्या मास्तरांनी ते उचलून साऱ्या वर्गाला दाखवलं. परत आल्यावर तिने ते म्हातारीसमोर ठेवलं. म्हातारीने बराच वेळ पाहिलं.

“उभं आहे,” ती म्हणाली.

उकपिकने ती शाबासकी धरली.

“हे बघ,” आता उकपिक पिंपाला टेकून म्हणाली, “प्रदर्शनवाल्यांचा नियम साधा आहे. काचेच्या पेटीत मूर्ती स्वतःच्या बळावर उभी राहिली पाहिजे. टेकू नाही, तार नाही. तेवढं झालं की पेटीखाली तुझं नाव. पितळेच्या पट्टीवर. आजवर काय लिहीत आलेत माहितीये? ‘उत्तरेकडील एक स्त्री’.”

“बरोबर आहे. आहेच मी.”

“ताई.”

“आणि दक्षिणेकडील पुरुष असं कोणाखाली लिहितात का तिथे?”

“नाही लिहीत. म्हणून तर भांडून आले मी. पत्रं लिहिली, फोन केले. तिथे तुझी जुनी मूर्ती पाहिली होती मी, शिकत होते तेव्हा. तारेच्या आकड्यात अडकवलेली, हाड मोडल्यासारखी. एक बाई नवऱ्याला म्हणाली, बिचाऱ्यांना बैठक काढता येत नसेल.”

“मग तू काय म्हणालास?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

उकपिकने बाळाला पाठीवर जरा वर सरकवलं.

“मला वाटलं... तिचं खरं असलं तर?”

कानस थांबली. म्हातारीने दगडावर फुंकर मारली आणि पहिल्यांदाच उकपिककडे नीट पाहिलं.

“आमच्या घरात फळी नव्हती, भावा. एका जागी राहणारं घरच नव्हतं. सगळा संसार कुत्र्यांच्या गाडीवर. जे जे उभं राहत होतं ते वाटेत पडलं. मुठीत होतं आणि हातमोज्यात होतं तेवढं राहिलं.”

“आता आहे ना घर. फळीही आहे. तिच्यावर तू चहाचे डबे ठेवतेस.”

“डबे आहेत ते. त्यांना उभं राहू दे.”

“नुसता हट्ट आहे तुझा.”

“आहे,” म्हातारी म्हणाली. “माझ्याकडे तेवढाच उरलाय, तो पण सपाट करू?”

तिने दगड एका जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळला, पिंपामागे ठेवला आणि उठली. उठताना गुडघे वाजले. तळ्यावर मासे लागतायत असं कोणीतरी म्हणालं होतं. तिने गळ घेतला, बर्फाला भोक पाडायची पहार खांद्यावर टाकली.

“इथे काम करायचं तर पोरीला वाऱ्याच्या वरच्या अंगाला, वारा येतो त्या बाजूला ठेव,” जाता जाता ती म्हणाली. “ही धूळ छातीत गेली की परत निघत नाही.”

तेवढं बोलून ती गेली.

उकपिकने बाळाला जावेकडे दिलं. परत आली. स्वेटर उलगडला.

तिच्या मनात पाप नव्हतं, हे मला ठासून सांगावंसं वाटतं. आपल्या माणसाचं जगात नाव व्हावं म्हणून त्या माणसाच्याच नकळत काहीतरी सुधारून ठेवावं, हा मोह कुठल्या घरात होत नाही? तिला वाटलं, ताईची नजर आता कमी झालीय. गुडघे दुखतात. हे शेवटचं मोठं काम असेल. आणि ते तारेला लटकणार असेल तर...

तिने दगड उलटापालटा करून पाहिला. एका अंगाला पृष्ठभाग ओबडधोबड होता. उथळ खळगे, एक बारीक उंचवटा, दोन-चार पुसट वळणं. कानशीचे वण, तिने ठरवलं. गुळगुळीत करायचं राहून गेलेलं. म्हणजे खालची बाजू तीच. दुसरं काय.

आधी जाड कानस, मग बारीक. मग पाण्याच्या परातीत धरून ओल्या पॉलिशपेपरने, गोल गोल. हिरवट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. बोटभर दगड गेला. तिने काम उत्तम केलं. शिकलीच होती ती तसं.

पिंपावर ठेवला.

उभा राहिला.

बाई वाकलेली, पाठीवर सील, कोपराला चोच. कुठेही डगमग नाही. उकपिक दोन पावलं मागे सरली आणि मान तिरकी करून पाहत राहिली. तिला आनंद झाला. खरंच झाला.

म्हातारी परतली ती दोन मोठे मासे ओढत. पिंपावरची मूर्ती तिला दुरूनच दिसली असणार, कारण ती थोडा वेळ वाटेतच उभी राहिली. मग आली. मासा कापला, लाल कच्चे तुकडे पुठ्ठ्यावर ठेवले. बाळ परत आईच्या पाठीवर आलं होतं. त्याच्या हातात म्हातारीने माशाची एक पातळ चकती दिली. त्याने ती लगेच तोंडात घातली. मी तिथे असते तर बोट घालून काढली असती.

“काही बोल ना,” उकपिक म्हणाली.

म्हातारीने हात पुसले. डब्यावर बसली. मूर्ती मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. दगड हळूहळू फिरायला लागला. सील गेला, बाई गेली, चोच गेली. मग अंगठा एका जागी येऊन थांबला.

तिथून तो हलेना.

“इथे कोणीतरी होतं,” ती म्हणाली.

“कुठे?”

म्हातारीने डोळे उघडले नाहीत.

“पोर काय करतेय?”

“जागी आहे. मघाशी डुलकी लागली होती, आता मूठ चोखतेय. थोड्या वेळाने शू करेल.”

“मागे वळून पाहिलंस?”

“नाही.”

“मग?”

उकपिकला हसू आलं. “पाठीला कळतं की, ताई. ती हलते कशी, यावरून.”

त्यांच्या बायकांचा तो अंगरखा असतो ना, अमाउती, त्याला पाठीवर मोठं खोळीसारखं टोपडं असतं. बाळ त्यात आईच्या उघड्या पाठीला चिकटून बसतं, दिवसभर. दिसत नाही, पण कळतं. झोपलेल्या बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघणारी मी, माझी पाठ अजून अशिक्षित आहे. ते असो.

“आणि दगड?” म्हातारी म्हणाली. “दगड कशाने पाहिलास?”

उकपिकची नजर सपाट केलेल्या जागेवर गेली.

“मीट डोळे.”

“ताई, मला कळलं तू रागावलीस ते...”

“मीट.”

तिने डोळे मिटले. म्हातारीने मूर्ती तिच्या हातांत दिली, उलटी. तिची बोटं सपाट जागेवरून फिरली. थंड, गुळगुळीत, पाण्यासारखी. कडेला आली. कडेपाशी एका ठिकाणी, जिथे पॉलिशपेपर पोचला नव्हता, तिथे काहीतरी लागलं. लहानसं वळण. आत एक खळी, खाली मऊ पाळी.

बोट पुन्हा गेलं. पुन्हा.

“कान आहे,” ती म्हणाली.

“हं.”

“कोणाचा?”

म्हातारीने माशाचा एक तुकडा उचलला, खाल्ला नाही, परत ठेवला.

“बर्फ फुटला तेव्हा पाणी काळं होतं. काही दिसत नव्हतं. बाप्ये काठ्या घालून ढवळत होते. फट अरुंद, त्यांचे खांदे जाईनात. मला पालथं झोपवलं, पाय धरून ठेवले. मी हात घातला. आधी केस लागले. मग कपाळ. मग नाक... मग ओठ. उघडे होते.”

वारा फळकुटांमधून शीळ घालत होता. बाळ चोखायचं थांबलं.

“वर काढल्यावर डोळ्यांनी पाहिलं त्याला. तोवर तो दुसराच कोणीतरी झाला होता. निळा, मोठा. माझा भाऊ होता तो माझ्या हाताला लागला तेवढाच.”

उकपिकने डोळे उघडले. हातातल्या मूर्तीकडे पाहिलं. डोळ्यांना तिथे काही नव्हतं. सकाळीही काही नव्हतं, चार खळगे आणि एक उंचवटा.

“हातात धरलं की तळव्यात यायचा,” म्हातारी म्हणाली. “बस, तेवढंच. तुझ्यासाठी केला होता. तुझंच तोंड, तुला परत.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तू पाहिलं असतंस.”

उकपिक घाईघाईने बोलायला लागली, जसं आपण बोलतो, काहीतरी सांडल्यावर. दगड अजून जाड आहे, ताई. परत काढ. मी धरते. मी उद्याच्या माणसाला सांगते, चार दिवसांनी ये. तुझ्या हाताला येतं ते, अजून येतं.

“तो एकदाच लागला हाताला.”

“मग रागाव तरी माझ्यावर.”

“कशाला? तोंड तुझं, घासलंस तू.” म्हातारी उठली, मासे गोळा केले. “शिवाय पॉलिश छान झालंय. मला इतकं कधी जमलं नाही.”

हे मात्र लागलं. एका पायावरचं अस्वल आठवलं असेल, नसेल, मला माहीत नाही. पण उकपिकचा चेहरा पडला खरा.

“आता उद्या काय करायचं?” तिने विचारलं.

“मी काय सांगू? मी केला तेव्हा त्याला खाली नव्हतं. उभा तू केलास. तूच बघ.”

दुसऱ्या दिवशी लहान विमान आलं. त्यातून प्रदर्शनाचा माणूस उतरला, लॉरेन्स नावाचा. उंच, नाकाचा शेंडा लाल, बोलायला अतिशय गोड. म्हातारीच्या फळकुटांच्या आडोशात शिरताना तो वाकला आणि वाकलेलाच राहिला, कारण ताठ झालं तर वारा लागत होता. त्याला इनुइटांची भाषा येत नव्हती, म्हातारीला त्याची येत नव्हती. मध्ये उकपिक.

म्हातारीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“याला कोणी जेवायला घालत नाही का?”

“त्या म्हणतात, प्रवासात त्रास नाही ना झाला?” उकपिकने इंग्रजीत सांगितलं.

“अजिबात नाही, आभार,” लॉरेन्स म्हणाला.

मग त्याने पिंपावरची मूर्ती पाहिली. त्याचं बोलणं थांबलं. हे नाटक नव्हतं. त्याचे डोळे खरोखर ओले झाले. त्याने खिशातून पांढऱ्या सुताचे हातमोजे काढले, सावकाश घातले आणि मूर्तीला हात लावला.

“त्याच्या हातांना काय झालंय?” म्हातारीने विचारलं. “भाजलेत?”

“दगडाला माणसाचा घाम लागू नये म्हणून, ताई.”

“दगडाला?”

“हो.”

म्हातारीने आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. “माझा घाम काढायला त्यांना बरंच घासावं लागेल म्हणावं.”

“त्या म्हणतात, नीट सांभाळून न्या,” उकपिकने सांगितलं.

लॉरेन्सने मान डोलावली. मूर्ती पिंपावर ठेवली, सोडली, पुन्हा पाहिली. उभी होती. “विलक्षण,” तो म्हणाला. “यांच्या सगळ्या कामात मला नेहमी वाटायचं, शेवटचा हात फिरायचा राहिलाय. या वेळी त्यांनी पूर्ण केलं. आपणच सांगितलंत ना त्यांना?”

उकपिकने हे म्हातारीला सांगितलं नाही.

लॉरेन्सने खोका उघडला. आत जाड स्पंजात मूर्तीच्या मापाची पोकळी कापलेली होती, उकपिकने पाठवलेल्या फोटोंवरून. आणि वर एका मऊ कापडात ती पट्टी. पितळेची. नुसतं नाव, इगुप्ताक. पुढेमागे काही नाही, एक स्त्री नाही, उत्तर नाही.

उकपिकने ती पट्टी हातात घेतली. तिला त्यासाठी किती पत्रं लिहावी लागली होती, ते मी सांगत बसत नाही. अक्षरं खोल आणि सुबक होती. तिने त्यावरून अंगठा फिरवला. नाव अंगठ्याला लागत होतं.

“सुंदर आहे ना?” लॉरेन्स म्हणाला.

“आहे,” उकपिक म्हणाली. मग म्हणाली, “एक विनंती आहे. हातमोजे काढा. ती हातात घ्या आणि डोळे मिटा.”

तो हसला. वाईट हसला नाही. “माझ्यासाठी मोठाच मान. पण नियम आहे. मी मोडला तर उद्या सगळेच मोडतील.”

“एकदाच.”

“नाही जमायचं, उकपिक. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कळतं.”

उकपिकने पट्टी कापडात ठेवली. कापडाची घडी घातली. मग पाठीमागे हात नेऊन बाळाला खोळीतून काढलं आणि म्हातारीकडे दिलं.

“वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा, ताई.”

म्हातारीने बाळ घेतलं आणि आडोशाच्या पलीकडे जाऊन बसली.

उकपिकने मूर्ती आडवी केली, गुडघ्यांत धरली आणि जाड कानस उचलली.

“अहो,” लॉरेन्स म्हणाला. “अहो, हे काय...”

कानस चालत होती. कडेकडेने, गोल. कानाला तिने धक्का लावला नाही. बाकी सपाट जागा पोटासारखी फुगीर होत गेली, काल चढवलेली सगळी झिलई पांढरी भुकटी होऊन उडाली. ती चेहरा काढत नव्हती. चेहरा तिला येत नव्हता आणि ते तिला ठाऊक होतं. ती फक्त ‘खाली’ काढून टाकत होती.

लॉरेन्सने एकदा तिच्या दंडाला हात लावला. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात काढून घेतला.

झाल्यावर तिने मूर्ती पिंपावर ठेवली. ती डुलली, लवंडली आणि आपल्या कुशीवर जाऊन पडली. सील वर आला.

“आता ही उभी राहणार नाही,” लॉरेन्स म्हणाला.

“नाही राहणार.”

“मग मला नेता येणार नाही. तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“तुमचं अस्वलही त्याच पेटीच्या शेजारी ठेवायचं होतं. गुरू आणि शिष्या, अशी मांडणी होती. आता तेही...” त्याने हातातला हातमोजा ओढून ताणला. “हे त्यांचं शेवटचं मोठं काम असेल, असं तुम्हीच लिहिलं होतंत. तुम्ही त्यांना जगापासून लपवताय. त्यांना विचारलंत तरी का?”

उकपिकने कानस खाली ठेवली. काल विचारलं नव्हतं, आज तरी कुठे विचारलं होतं? ती धुळीने पांढरी झाली होती, पापण्यांपर्यंत. मला वाटतं, त्या क्षणी तिला पितळेची पट्टी पुन्हा हातात घ्यावीशी वाटली असणार. मला तरी वाटली असती.

लॉरेन्सने खोक्याकडे बोट दाखवलं.

“तिकडे काचेची पेटी तयार आहे. दिवे लागलेत. पट्टीवर नाव कोरून झालंय. रिकाम्या पेटीखाली हे नाव लावू मी? त्यांनाच विचारा. त्या पेटीत मी काय ठेवू?”

उकपिक आडोशाबाहेर आली. म्हातारी वाऱ्याकडे पाठ करून बसली होती, बाळ तिच्या कोटाच्या आत, फक्त डोकं बाहेर.

“ताई, तो निघालाय. मूर्ती नेत नाही. माझं अस्वलही नेत नाही. तुझं नाव कोरलेली पट्टी त्याच्याकडे आहे आणि पेटी रिकामी आहे. तो विचारतोय, त्या पेटीत काय ठेवू.”

म्हातारीने बाळाच्या कपाळावरचा दगडाचा कण अंगठ्याने पुसला.

“सकाळपासून मी तुझं बोलणं गोड करून सांगत होते,” उकपिक म्हणाली. “आता नाही करणार. म्हणशील तेच सांगेन.”

म्हातारीने मान वळवून आडोशातल्या त्या उंच माणसाकडे पाहिलं. तो वाकून उभा होता, पांढरे हात छातीशी घेऊन, थंडीने कुडकुडत...

“हातमोजे काढून हात ठेव म्हणावं.”